“दूधना दात शेतस, पडी जातीन!”

चोपडा तालुक्यातल्या एका केळीवाल्या गावातलं हे कुटुंब. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, बाकी जसं घडलं तसं सांगते.

“ताई, पोरगा हसतच नाही,” एवढं बोलून आई गप्प झाली. चार वर्षांचा मुलगा तिला खेटून, तोंडावर तळहात ठेवून बसलेला. मांडीवर दहा महिन्यांची धाकटी, शेजारी सासूबाई. वडील दारातच उभे, आत यावं की नाही अशा बेतात.

मी दातांची डॉक्टर नाही, घरातल्या माणसांशी बोलून मुलांच्या सवयी बदलायला मदत करते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. त्यांनी याला सरकारी रुग्णालयाच्या दंतविभागात पाठवलं, तिथे खुर्चीवर तो तोंडच उघडेना, म्हणून त्यांनी माझ्याकडे पाठवलं. बऱ्याच वेळाने खेळता खेळता ओठ उचलू दिला. वरचे पुढचे चार दात हिरडीपाशी काळपट, त्यातले दोन अर्धे झिजलेले. खालचे मात्र पांढरेशुभ्र.

ही खूण बहुतेक वेळा रात्रीच्या बाटलीची असते. झोपेत लाळ कमी होते, गोड दूध वरच्या दातांभोवती साचून राहतं, तोंडातले जंतू त्या साखरेचं आम्ल करतात. खालच्या दातांवर जीभ पांघरुणासारखी असते, म्हणून ते वाचतात.

आजींना यात काही विशेष वाटत नव्हतं. “दूधना दात शेतस, पडी जातीन. त्याना बापना बी असाच व्हतात.” म्हणजे दुधाचे दात आहेत, पडून जातील; त्याच्या बापाचेही असेच होते.

हे वाक्य मी महिन्यातून चार-पाचदा तरी ऐकते. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात हे खरं, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. भाकरी चावायची त्यांनीच, आणि कायमच्या दातांची जागा धरून ठेवायची तीही त्यांनीच. शिवाय साधारण सहाव्या वर्षी सगळ्यात मागे जी दाढ येते ती कायमची. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचं घरात कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि तीही दुधाचीच समजून सोडून दिली जाते.

आईचं दुखणं वेगळं होतं. तिने हळूच विचारलं, “माझं दूध कमी पडलं, म्हणून बाटली लावली. माझ्यामुळेच झालं ना हे?”

सासूबाई खिडकीकडे बघायला लागल्या. वडील मोबाइलमध्ये. चूक कोणाची हे विचारलं की घराचं कोर्ट होतं आणि आरोपी प्रत्येक वेळी आईच असते. मी तो प्रश्न विचारत नाही. टेबलावर एक वाटी आणि मूठभर हरभरे ठेवले. सकाळपासून रात्रीपर्यंत पोराच्या तोंडात गोड जाईल त्या प्रत्येक वेळेला एक हरभरा.

उठल्याबरोबर बाटली, एक. चहात बुडवलेला टोस्ट, दोन. काकाच्या खिशातली गोळी. दुपारची बाटली. “ते खोकल्याचं औषध धरायचं का?” धरायचं, तेही गोडच असतं. वडिलांनी स्वतः पुढे येऊन एक हरभरा टाकला: रोज संध्याकाळी आणलेला बिस्किटचा पुडा, जो तो तासभर पुरवून पुरवून खातो. शेवटी रात्रीची बाटली. अकरा झाले. सगळ्यांचे हात वाटीत गेले होते, त्यामुळे कुणालाच काही म्हणायला जागा उरली नाही.

साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा तोंडात गेली हे दातांना जास्त भोवतं. दर वेळी अर्धा तास तरी तोंड आंबट राहतं. “मग केळंही बंद?” आजींनी घाबरून विचारलं. केळीच्या मुलखात कसलं बंद! जेवणासोबत खाऊ द्या, फक्त तोंडात धरून झोपायचं नाही.

बाटली एकदम तोडायला सांगितली नाही. दुधातली साखर आधी काढली, मग दर दोन दिवसांनी थोडं पाणी वाढवत शेवटी नुसतं पाणी. चौथ्या रात्री रडारड झाली तेव्हा आजींनी चोरून जुनीच बाटली दिली. त्यांनीच नंतर फोनवर सांगितलं. तीन आठवडे लागले.

ब्रश कोणी करायचा यावर जास्त वेळ गेला. “तो स्वतःच करतो,” म्हणे. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचा हात दाढेमागे नीट पोचत नाही, रात्रीचा ब्रश मोठ्यांनीच करायचा. वडिलांना सतरंजीवर बसवलं, समोर आजी, गुडघ्याला गुडघा लावून. पोराचं डोकं वडिलांच्या मांडीवर, पाय आजींकडे. एका बोटाने ओठ उचलायचा आणि दात मोजत मोजत घासायचे, वीसपर्यंत. वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट. धाकटीला तांदळाच्या दाण्याएवढीच. नंतर नुसतं थुंकायचं, चूळ भरायची नाही. यावर आजींचा चेहरा बघण्यासारखा झाला.

शेतातली लाइट ज्या आठवड्यात रात्रीची असते, तेव्हा वडील पाणी द्यायला जातात. त्या आठवड्यात डोकं आजींच्या मांडीवर.

एक गोष्ट मात्र मी तिथल्या तिथे थांबवली. “ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील,” असं वडील सहज बोलून गेले. ज्या खुर्चीवर त्याला पुढे बसायचं आहे तिचीच धमकी देऊन कसं चालेल? त्याऐवजी घरी रोज आरसा आणि चमचा घेऊन आजींचे दात तपासायला दिले. आजींचे सातच उरलेत, तपासणी लवकर आटपते.

दुसऱ्या खेपेला तो दंतविभागाच्या खुर्चीवर बसला. रडला, पण तोंड उघडलं. दोन दातांच्या मुळांवर उपचार झाले, बाकीच्यांवर फ्लोराइडचा लेप. काळे झालेले दात परत पांढरे होणार नाहीत हे आईला आधीच सांगितलं होतं.

पाच महिन्यांनी सगळे भेटायला आले. आजींनी नातीचा ओठ बोटाने उचलून मला दाखवला, “आठ शेतस. पांढरी रेघ कोठेच नही, रोज देखस मी.” हिरडीलगतची खडूसारखी पांढरी रेघ ही किडीची पहिली खूण, आणि तेव्हाच गाठलं तर दात वाचू शकतो, हे मी आईला सांगत होते तेव्हा आजींनी ऐकून ठेवलेलं दिसत होतं. त्यांच्या बटव्यात गोड गोळ्या मात्र होत्या. मी बघितल्यावर घाईने म्हणाल्या, “जेवण व्हयनं का मंगच देस.”