पाच एपी घेण्याआधी जेवणाची सुट्टी बघा

तुमचा प्रश्न असा: मुलीची अकरावी सायन्स नाशिकला झाली, सप्टेंबरपासून ती न्यू जर्सीत बारावीला बसणार, तर एपीचे, म्हणजे शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे, पाच विषय घ्यावेत की झेपतील तेवढेच? व्हिसा, फॉर्म, फी सगळं साइटवर सापडेल, त्यात शिरत नाही.

माझं मत, तीन. कॅल्क्युलस बीसी (एपीच्या कॅल्क्युलसमधला वरच्या पातळीचा), एक सायन्स आणि तिला मनापासून आवडतो तो एक. कारण वेळापत्रक आधीच भरलेलं असतं. इथे डिप्लोमाला, म्हणजे शाळा पास झाल्याच्या दाखल्याला, दोन वर्षांचा अमेरिकन इतिहास लागतो, पीई (शारीरिक शिक्षण) तर दरवर्षी. आपल्या मुलांचा तो इतिहास झालेला नसतो, त्यामुळे दोन्ही वर्षांचा एकदम गळ्यात पडू शकतो. शिवाय बऱ्याच कॉलेजांची अर्ली, म्हणजे लवकर अर्ज करायची, मुदत १ नोव्हेंबर. शाळेत पाऊल टाकून जेमतेम दोन महिने होतात, तेवढ्यात निबंध लिहायचे आणि शिक्षकांकडून शिफारसपत्रंही मागायची. ज्यांनी तिला धड पाहिलंही नाही ते काय लिहिणार? नाशिकच्या सरांना आत्ताच गाठा.

गुणपत्रिकेचं तर विचारूच नका. आमच्या मुलाला अकरावीत फिजिक्सला ७४ होते, वर्गात पहिल्या पाचांत. इथल्या काउन्सेलरबाईंनी बोट ठेवून वाचलं आणि शांतपणे 'सी' लिहिला. आपल्याकडे ७४ म्हणजे काय, हे मी कॉलेजचं पत्र आणून, नोटरी करून, तीनतीनदा समजावलं. बाई हसून 'आय अंडरस्टँड' म्हणायच्या. सी तसाच राहिला. आज तो नोकरीला लागलाय, त्याला काही वाटत नाही. मला अजून वाटतं.

तो सी भरून काढायचा म्हणून त्याने पाच एपी घेतले, आणि ते बसवायला जेवणाची तासिका सोडली. इथे अशी परवानगी मिळते. पोळीचा रोल लॅबला जाता जाता खायचा. गुण उत्तम आले. मला मात्र कौतुकाच्या भरात उशिरा कळलं की त्याला ती तासिका नकोच होती. कॅफेटेरियातली टेबलं बालवाडीपासून ठरलेली, नवीन पोरगा ट्रे घेऊन बसणार कुठे? अवघड वेळापत्रक ही त्याची सोय होती.

आणि माझीही. एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर, मला नोकरीची परवानगी नव्हती. ठाण्यात अकरा वर्षं बँकेत काउंटर सांभाळलेला, इथे दुपारी बोलायला कोणी नाही. मग त्याचा अभ्यास हेच माझं ऑफिस झालं. 'आज किती झालं रे?' हे मी त्याच्यासाठी विचारत होते की माझ्यासाठी, याचं उत्तर मी अजून स्वतःला दिलेलं नाही. मंडळात जा, गणपतीला ओळखी होतात, असं सगळे सांगतात. होतात. पण मंगळवारी दुपारी दोन वाजता गणपती नसतो.

तेव्हा मुलीने पाच म्हटलं तर लगेच खूश होऊ नका, तिची जेवणाची तासिका शाबूत आहे का ते बघा. कमी करायचं तर सप्टेंबरातच करा. कॉलेजं वर्षाच्या मधले गुण मागवतात, शेवटचेही बघतात, आणि अर्ज गेल्यावर विषय सोडला तर त्यांना कळवावं लागतं. शाळेला लागणारा लसींचा कागद विमानात हातातल्या पिशवीत ठेवा. आणि बीसीजीमुळे टीबीची त्वचाचाचणी पॉझिटिव्ह आली तर घाबरू नका, एक्स-रे काढायला सांगतील, तो काढून टाका.