लेकीला मुलांची डॉक्टर व्हायचंय, मॅथ्स ठेवू की सोडू?

ताई, नमस्कार. तुमचं पत्र नीट वाचलं. लेक यंदा सीबीएसईतनं दहावी झाली, तिला लहान मुलांचीच डॉक्टर व्हायचंय, बायो आवडतं पण फिजिक्स म्हटलं की तोंड वाकडं होतं, बाबा म्हणतात मॅथ्सपण ठेव म्हणजे इंजिनिअरिंगचा रस्ताही मोकळा राहील, आणि शाळेला याच आठवड्यात पाचवा विषय लिहून द्यायचाय. त्यात इंदूरच्या भंवरकुआतल्या क्लासवाल्यानं डमी शाळेचं, म्हणजे शाळेत नाव नुसतं नावाला आणि दिवसभर क्लास, असं डोक्यात घातलंय.

आधी मॅथ्सचं बोलू, कारण घरात वाद त्याच्यावरनंच चाललाय. एमबीबीएसला मॅथ्स लागत नाही. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो किंवा बायोटेक्नॉलॉजी आणि इंग्लिश पाहिजे, आणि मग नीट ही प्रवेश परीक्षा. बाबांची काळजी मला समजते, पण अकरावी-बारावीचं मॅथ्स रोजचा तास-दीड तास खातं, आणि नुसतं बारावीचं मॅथ्स करून इंजिनिअरिंगची जेईई होत नाही, त्याची तयारी वेगळीच लागते. म्हणजे हा रस्ता कागदावरच मोकळा राहतो. मुलगी हौसेनं गणितं सोडवत बसणारी असेल तर खुशाल ठेवा. तुमच्या पत्रावरनं ती तशी वाटत नाही, तेव्हा माझं मत, सोडा.

आता फिजिक्स. मॅथ्स सोडलं म्हणून गणितातनं सुटका झाली असं तिला वाटत असेल तर अकरावीच्या पहिल्या महिन्यातच धक्का बसेल, कारण व्हेक्टर, त्रिकोणमिती, लॉग, थोडंफार डिफरन्सिएशन-इंटिग्रेशन हे सगळं फिजिक्सवाले सर येतं असं धरूनच शिकवतात. आणि नीटचा हिशोब बघा, १८० प्रश्न, ७२० मार्क, तीन तास. बायोचे ९० प्रश्न, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ४५-४५, बरोबरला चार मार्क, चुकलं की एक कट. बायोच्या ३६० मध्ये चांगली तयारी केलेली बरीच पोरं जवळजवळ येतात, फरक पडतो तो फिजिक्सच्या १८० मध्ये. २०२५ ला २२ लाखांवर मुलांनी नीट दिली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर, तेव्हा हा विषय टाळून चालणारच नाही. शाळा सुरू व्हायच्या आत कॉलनीतल्या एखाद्या गणिताच्या सरांकडे एवढंच बेसिक मॅथ्स करून घ्या, महागडा क्लास नको.

पाचवा विषय सायकॉलॉजी घ्या, शाळेत त्याला टीचर असेल तर. नीटमध्ये त्याचा एकही मार्क नाही, पण पोरं घाबरतात का, हट्ट का करतात हे तिला वाचायला आवडेल. टीचर नसेल तर फिजिकल एज्युकेशन, काही बिघडत नाही. डमी शाळा मात्र नको. सीबीएसईला ७५ टक्के हजेरी लागते, आणि प्रॅक्टिकल न करता बोर्डाच्या परीक्षेत उभं राहायचं म्हणजे उगाच जीव टांगणीला.

एक गोष्ट तिला स्वतःला सांगा. मुलांची डॉक्टर व्हायचं हे आत्ता ठरवलं तरी त्याची निवड फार पुढे होते. आधी एमबीबीएस, साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. मग नीट पीजी, त्यातनं एमडी पीडियाट्रिक्स, म्हणजे बालरोग, किंवा त्याच्याच बरोबरीचं डीएनबी, दोन्ही तीन वर्षांचे, नाहीतर डीसीएच हा मुलांच्या आजारांचाच दोन वर्षांचा डिप्लोमा. अगदी नवजात बाळांचंच करायचं असेल तर निओनॅटॉलॉजीचं डीएम, आणखी तीन वर्षं. आणि मुलांची ऑपरेशनं करायची असतील तर वाटच वेगळी, एमएस सर्जरी करून मग एमसीएच. म्हणजे सगळं सरळ झालं तरी नुसतं एमडी होईपर्यंतच सत्ताविशी येते. एमडी करताना स्टायपेंड मिळतो हे बाबांना सांगा, बरं वाटेल त्यांना.

पैशाचं म्हणाल तर पहिलं लक्ष्य सरकारी सीट. आपल्याकडे इंदूरला एमजीएम हे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, त्याला एमवाय हॉस्पिटल आणि चाचा नेहरू बाल चिकित्सालय जोडलेलं, आणि मध्य प्रदेशातल्या सरकारी जागांपैकी ८५ टक्के स्टेट कोट्यात, म्हणजे राज्यातल्याच मुलांना. मूळ निवासी प्रमाणपत्र आत्ताच काढून ठेवा, काउन्सेलिंगच्या वेळी धावपळ नको. प्रायव्हेटची फी लाखांत जाते, आणि तिसऱ्या प्रयत्नानंतर घर विकून सीट घ्यायची का, हा विचार आत्ताच घरात मोकळेपणानं करून ठेवा.

अजून एक, पोरं आवडणं वेगळं आणि आजारी, रडणारी पोरं दिवसभर बघणं वेगळं. एमवायला झाबुआ-अलीराजपूरच्या आदिवासी भागातनं बायका लेकरं घेऊन येतात, लेकराला कुठं दुखतंय सांगता येत नाही, आईला हिंदी धड येत नाही, आणि डॉक्टरनं त्यातनं अंदाज काढायचा. तुमच्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना विचारून सुट्टीत तिला एक-दोनदा ओपीडीच्या वेळी बसू द्या. तिथनं आल्यावर तिचं मन हललं तरी नाराज होऊ नका, मुलांसोबतच काम करायचे दुसरे मार्ग आहेत. स्पीच थेरपीचं बीएएसएलपी, फिजिओथेरपी, बीडीएस करून मुलांच्या दातांचं, आयुर्वेदात बीएएमएस करून कौमारभृत्य, म्हणजे आयुर्वेदातलं मुलांचं वैद्यक. यातल्या बीडीएस आणि बीएएमएसलाही नीटच लागते, तेव्हा विषय तेच राहतात.

तर फॉर्मवर इंग्लिश, फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, सायकॉलॉजी लिहून द्या. सहामाही झाली की फिजिक्सचे मार्क कळवा, काय करायचं ते तेव्हा बघू.