आधी टेप, मग उपग्रह

नाशिकच्या झाडांवर काम करायचंय म्हणतेस, झकास. पण लगेच लॅपटॉप उघडून उपग्रहाच्या चित्रांवर हिरवं मोजत बसू नकोस. मार्चचं चित्र घेतलंस तर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागा हिरव्या दिसतील आणि पांडवलेण्याच्या डोंगरावरची पानगळी झाडं उघडीबोडकी. हिशेब उलटाच! द्राक्षाची गोडी छाटणी (फळांसाठीची) ऑक्टोबरात, खरड छाटणी (फळं काढल्यानंतरची) एप्रिलात, हे डोक्यात ठेव आणि वेगवेगळ्या वर्षांची, पण एकाच महिन्याची चित्रं ताडून बघ. टेकड्यांवर जे हिरवं दिसतं त्यात गिरिपुष्पही भरपूर. ते मूळचं मध्य अमेरिकेचं. चित्रात जंगलच वाटतं, प्रत्यक्षात लावलेलं.

म्हणून आधी टेप घे, कापडी. स्टीलची खोडावर नीट बसत नाही. घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर मोजायचा, व्यास हवा तर त्याला 3.14 ने भाग. खोड त्याच्या खालीच फुटलं असेल तर प्रत्येक खोडाचा घेर वेगळा लिही. वडाची गंमत निराळी: जमिनीत रुतलेल्या पारंब्या मुख्य खोडात धरू नकोस, त्यांचा रकाना स्वतंत्र ठेव. बुंध्याशी काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक कुठवर आलेत तेही टिपून ठेव. बरेच जण हे विसरतात.

जुन्या झाडांच्या नोंदी जपून कर. महाराष्ट्राच्या शहरी झाडांच्या कायद्यात 2021 साली झालेल्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांपुढचं झाड कायद्याने ‘वारसा वृक्ष’ ठरतं. सुरुवात तपोवनातून कर, सिंहस्थाची कामं निघण्याआधीच.