‘मायाक्का’ हे नाव मुलीला ठेवावं का? जरा सविस्तर

ताई, तुमचं म्हणणं असं : आजेसासूबाईंचं नाव मायाक्का, माहेर बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग तालुक्यातलं. तुम्ही पुण्यात. मुलीला तेच नाव ठेवावं असं मनात आहे, पण नाव मराठी की कन्नड, आलं कुठून, आता कुणी ठेवतं का आणि शाळेत पोरं चिडवतील का, हे कळत नाही. शेवटच्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. चिडवतील. चौथी-पाचवीपर्यंत चिडवतील, मग विसरतील. पोरं आर्यालाही चिडवतात आणि शर्वरीलाही. त्या एका मुद्द्यावर अडू नका.

मी चिकोडी-रायबाग भागातल्या मराठी शाळांत मास्तरकी करून निवृत्त झालो. दाखले लिहिण्यात हयात गेली, त्यामुळे या नावाशी माझी ओळख देवळापेक्षा जनरल रजिस्टरातून जास्त.

नावाचं मूळ रायबाग तालुक्यातल्या चिंचलीत आहे. मिरजेहून बेळगावच्या गाडीत बसलात तर कुडची गेली की चिंचली स्टेशन येतं. तिथली देवी ती मायाक्का. सांगली-कोल्हापूरकडचे लोक गावाला सर्रास ‘चिंचणी’ म्हणतात, ‘चिंचणी मायाक्का’ एका दमात. सांगली जिल्ह्यात चिंचणी नावाची वेगळी गावं आहेत, त्यामुळे नवखा माणूस चुकून भलतीकडं जाऊन उभा राहतो. माघ पौर्णिमेच्या सुमारास यात्रा भरते. सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडून बैलगाड्या जोडून माणसं येतात, माळावर चुली पेटतात, पुरणपोळीचा नैवेद्य होतो आणि भंडाऱ्यानं माणसं, बैल, गाडीची साटी सगळं पिवळं होऊन जातं. ‘मायाक्काच्या नावानं चांगभलं’ हे मराठीत ओरडणारे जितके, तितकेच आपसात कन्नड बोलणारे. गावाची पाटी कुठल्या भाषेत लावायची यावरून आमच्याकडं डोकी फुटलेली आहेत, पण त्या माळावर तो विषय निघालेला मी ऐकला नाही.

देवळात विचाराल तर देवीनं दैत्य मारल्याची कथा सांगतील आणि मायाक्का म्हणजे महाकालीच, असंही सांगतील. सांगू देत. लोकदेवीला पोथीतल्या देवीशी जोडायची आपली जुनीच खोड आहे. माझ्या मते नावाचा खरा गाभा धनगरांच्या ओव्यांत आहे. गुंथर सोन्थायमर नावाच्या जर्मन अभ्यासकानं या ओव्या वाड्या-वस्त्यांवर बसून ध्वनिमुद्रित केल्या, म्हणून त्या आज कागदावरही आहेत. त्यांत बिरोबाच्या, म्हणजे धनगरांच्या देवाच्या, जन्माची कथा येते. आईपासून तुटून रानात पडलेलं पोर, आणि त्याला बहीण होऊन वाढवणारी मायव्वा. हीच चिंचलीची. तिचं देवीपण नंतरचं, आधी ती कुणाची तरी थोरली बहीण आहे. आरेवाडीचा बिरोबा किंवा पट्टणकोडोलीचा विठ्ठल-बिरदेव मानणाऱ्या घरांत चिंचलीची ओढ असते ती यामुळं. भाऊ तिथं, तर बहीण इथं.

आता मराठी की कन्नड. अक्का ही थोरली बहीण दोन्ही भाषांत, हे तुम्हाला माहीतच आहे. कन्नडात त्या शब्दाला आदराचं वजन जास्त. बाराव्या शतकातली वचनकार महादेवी, तिला लोक अक्कमहादेवी म्हणतात. बसवण्णांची बहीण ती अक्क नागम्मा. तेव्हा नावाची घडण कन्नड, यात शंका घ्यायला जागा नाही. पण तुमच्या आजेसासूबाईंच्या नावाचा उच्चार मात्र मराठी आहे. कन्नड व्याकरणात लोपसंधी म्हणून प्रकार आहे. दोन स्वर समोरासमोर आले की पहिला गळतो. मल्ल आणि अव्व मिळून मल्लव्व, चन्न आणि अम्म मिळून चन्नम्म, तसं माया आणि अक्क मिळून मायक्क. कन्नड बोलणारा ‘य’ आखूड म्हणतो आणि शेवटचा ‘क’ही आखूड. आपण मराठी माणसं ‘या’ लांबवतो आणि शेवटी ‘का’ करतो. मायाक्का. म्हणजे घरात हे नाव लांब ‘या’नं बोललं जात असेल तर ते घर मराठी बोलतं, एवढं मी डोळे झाकून सांगेन. काही जण ‘माय’ आणि ‘अक्का’ अशी फोड करतात, म्हणजे आईही आणि बहीणही. ऐकायला गोड आहे. बारशाला सांगायला चालेल.

याच नावाची भावंडं बरीच. मायव्वा तर आहेच. पुरुषांत मायाप्पा. नुसती माया हीसुद्धा आमच्या भागात बऱ्याचदा सिनेमातली नसते, चिंचलीचीच असते, फक्त शेपूट कापलेली.

नाव पसरलं ते नवसाच्या वाटेनं. पोर जगत नसेल, पोर होत नसेल, तर चिंचलीला बोलायचं. मुलगी झाली तर मायाक्का, मुलगा झाला तर मायाप्पा, आणि पहिलं जावळ तिथं नेऊन काढायचं. एका यात्रेत पाहिलेलं सांगतो. न्हाव्यानं पोरीचं डोकं ओलं केलं होतं, पोर किंचाळत होती, आणि तिची आजी भंडाऱ्याची चिमूट तिच्या कपाळाला दाबून देवळाकडं तोंड करून म्हणत होती, “तुझंच नाव ठिवलंया, आता तूच बघ.” नाव ठेवणं म्हणजे काय, हे मला तरी इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं. आवडलं म्हणून ठेवलेलं नाव आणि सांभाळायची जबाबदारी देवीच्या गळ्यात घालायला ठेवलेलं नाव, यांत फरक आहे.

म्हणून हे नाव जिल्हा बघून सापडत नाही. रायबाग, अथणी, चिकोडी, तिकडं जत, कवठेमहांकाळ, मिरज, शिरोळ, सांगोला, मंगळवेढा, जिथं जिथं धनगरवाडे आणि बिरोबाची ठाणी, तिथं तिथं ते आहे. धनगरांपुरतं नाही हं, मराठ्यांत आहे, इतर जातींतही आहे. उलट आमच्याच जिल्ह्यात खानापूरकडं, जंगलपट्ट्यात गेलात, तर फार कमी ऐकाल. सौंदत्तीची यल्लम्मा जिथं घरची, तिथं रेणुका, यल्लव्वा, यल्लूबाई.

तुम्ही विचारलंय, किती प्रचलित आहे. आपल्या देशात मुलींच्या नावांची सरकारी क्रमवारी निघत नाही, त्यामुळे कुणी आकडा सांगितला तर हसून सोडून द्या. एक साधा उपाय सांगतो. आमच्या भागातल्या कुठल्याही गावाची मतदारयादी घ्या आणि नावासमोरचं वय बघत जा. मायाक्का सापडते ती साठी-सत्तरीच्या ओळींत. चाळिशीच्या आसपास ती माया होते. विशीत तीही नाही.

हे का झालं, याचं उत्तर लोक ‘काळ बदलला’ असं देतात. मला ते पुरत नाही. तीन गोष्टी मी स्वतः बघितल्या.

पहिली, घरातली. सासूचं नाव सून तोंडातून काढत नाही, ही जुनी रीत. नातीला आजीचं नाव ठेवलं की पंचाईत, पोरीला हाक मारणार कशी? मग ती आक्का होते, माई होते, बाळी होते. त्यात देवीचं नाव. एक बाई पोरीचं नाव घालायला आल्या होत्या, पाळण्यातलं नाव मायाक्का, पण शाळेत दुसरं लिहा म्हणाल्या. का, तर “दिवसभर पोरीला शिव्या द्याव्या लागत्यात ओ गुरुजी, देवीचं नाव घेऊन कशा द्याच्या?” अशानं नाव असूनही कुणाच्या कानावर पडायचं नाही.

दुसरी, लग्नातली. महाराष्ट्रात मुलगी दिली की सासरी ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहायचं. कृष्णेच्या अलीकडची मायाक्का इचलकरंजीला गेली की सुनीता झाली, मिरजेला गेली की संगीता. माहेरी यायची तेव्हा परत मायाक्का. पुरुषांचं नाव लग्नात बदलत नाही, म्हणून माझ्या वर्गांत मायाप्पाची मुलं बरीच वर्षं येत राहिली. बापाच्या रकान्यात मायाप्पा आणि आईच्या रकान्यात सुनीता, असं जोडपं दिसलं की मी विचारायचो, बाईंचं आधीचं नाव काय. कधीकधी दोघंही एकाच देवीचे निघायचे.

तिसरी गोष्ट आमच्या धंद्यातली, आणि तिचा मला राग आहे. गुरुजी लोक नावं सुधारायचे. पोरगी पहिलीत आली, बापानं सांगितलं मायाक्का, की लिहिणारा मायेनं म्हणायचा, “माया लिहू या, जरा बरं दिसतं.” कल्लव्वाची कल्पना झाली, निंगव्वाची लीला. बाप मान डोलवायचा, कारण समोर गुरुजी. जुन्या रजिस्टरात मी अशा नोंदी पाहिल्या आहेत जिथं ‘मायाक्का’तलं शेवटचं ‘क्का’ लाल शाईनं खोडून बाजूला कुणाची तरी आद्याक्षरी सही आहे. एका रेघेत पोरीचा नवस पुसून टाकला, आणि सही अशी ठसक्यात की जणू गणित तपासलं!

जोडीला आणखी एक बोलतो, थोडं कडू वाटेल. हल्ली म्हणतात, जुनी नावं परत आली. रमा आली, सई आली, इरा आली, मुक्ता आली. आनंद आहे. पण ही कुणाच्या घरची जुनी? हौसाबाई परत आली नाही, आक्काताई आली नाही, लगमव्वा नाही, मायाक्का तर नाहीच. ज्या आज्यांचे फोटो भिंतीवर होते त्यांची नावं परत आली. ज्या आज्या फोटो काढायला कधी स्टुडिओत गेल्याच नाहीत, त्यांची नावं अजून ‘गावंढळ’च आहेत. म्हणून तुमचा प्रश्न वाचून मला बरं वाटलं. तुम्ही ते नाव निव्वळ आठवण म्हणून हळहळत विचारलेलं नाही, जन्मदाखल्यावर घालायला विचारलंय.

तेव्हा आता दाखल्याचंच बोलू. नाव अजून नक्की नसेल तर घाई नको. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे नावाशिवाय जन्म नोंदवता येतो आणि नाव बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं. त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येतं. मात्र एकदा घातलं की जपून, कारण 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, पासपोर्ट वगैरे सगळीकडं जन्मदाखलाच मुख्य पुरावा धरतात. पूर्वी शाळेत एक आणि दाखल्यावर एक असं चालून जायचं, आता ती गंमत महागात पडेल. नंतर नाव बदलायचं म्हटलं तर प्रतिज्ञापत्र आणि राजपत्र आलंच.

मराठीत ‘मायाक्का’ असंच लिहा, लांब ‘या’ ठेवा, कारण तुमच्या घरचा उच्चार तो आहे. इंग्रजी रकान्यात एम-ए-वाय-ए-के-के-ए. ‘के’ दोनच, ‘ए’ कुठंही जोडीनं नको. यात फायदा असा की कन्नड मायक्क आणि मराठी मायाक्का, दोन्ही त्या अक्षरांत बसतात. उद्या आजेसासूबाईंच्या माहेरचे, म्हणजे कर्नाटकातले कागद जोडायची वेळ आली, शेतीचा उतारा म्हणा किंवा वारसाचं काही, तर त्यांच्या कागदांशी ताळमेळ राहील. त्यांच्या कागदांवर नाव कसं आहे ते मात्र आधी बघून घ्या. एका कागदावर मायव्वा, दुसऱ्यावर मायाक्का, तिसऱ्यावर महादेवी, असं निघालं तर चकित होऊ नका, आमच्याकडं हे घरोघरी आहे.

कागदावर माया आणि घरात मायाक्का असं करावं का, असा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. मी उलटं सुचवीन. कागदावर पूर्ण नाव ठेवा, हाक मारायला माया आहेच, आणि ती परदेशात गेली तरी कुणाला अडखळायला होणार नाही. पूर्ण नावावरून आखूड करणं मुलीच्या हातात राहतं. आखूड लिहिलंत तर उरलेलं अक्षर तिला कुणी सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आणि एक, घरात कुणी जाणतं असेल तर विचारून ठेवा : आजेसासूबाईंचं नाव नवसाचं होतं का, आणि जावळ चिंचलीला झालं होतं का. नवसाचं असेल तर नात-पणतीला तेच नाव ठेवताना एकदा तिथं जाऊन यायची रीत आहे. यात्रेच्या गर्दीत तान्ह्या पोरीला नेऊ नका, भंडारा डोळ्यात जातो आणि पाण्याचे हाल असतात. आडदिवशी जा. मिरजेवरून सकाळच्या गाडीनं गेलात तर संध्याकाळपर्यंत परत याल.