अँडी फॅरेल: तिशीत नव्याने खेळ शिकलेला प्रशिक्षक

उत्तम रग्बीपटू आपोआप उत्तम प्रशिक्षक होतो का? आपोआप होत नाही, असे माझे ठाम मत आहे. जो होतो, त्याला खेळताना काय अवघड गेले हे आधी पाहावे. आयर्लंडच्या रग्बी संघाचे मुख्य प्रशिक्षक अँडी फॅरेल यांची कारकीर्द मी याच नजरेने पाहत आलो आहे.

रग्बीचे लीग आणि युनियन असे दोन वेगळे प्रकार आहेत. इंग्लंडमधील विगनमध्ये वाढलेले फॅरेल रग्बी लीगमध्ये वयाच्या २१व्या वर्षी ग्रेट ब्रिटनचे कर्णधार झाले आणि १९९६ व २००४ साली ‘मॅन ऑफ स्टील’, म्हणजे लीगमधील वर्षाचे सर्वोत्तम खेळाडू, ठरले. २००५ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, ते सॅरासेन्स या इंग्लिश क्लबकडे रग्बी युनियन खेळायला आले. लीगमध्ये टॅकल झालेला, म्हणजे पकडून पाडलेला खेळाडू उठून चेंडू पायाने मागे सारतो आणि तोवर बचाव करणारा संघ मागे सरून फळी लावतो. युनियनमध्ये मात्र खेळाडू जमिनीवर पडला की खरी झुंज तिथेच सुरू होते. त्या रेटारेटीत, म्हणजे रकमध्ये, शिरायचे की बाहेर राहून फळी राखायची, हे क्षणार्धात ठरवावे लागते. लहानपणापासून युनियन खेळलेल्याच्या हे अंगवळणी पडलेले असते, फॅरेल यांना ते विचार करकरून शिकावे लागले. त्यात दुखापतींनी जवळपास दीड वर्ष खाल्ले आणि इंग्लंडकडून जेमतेम ८ कसोटी सामने वाट्याला आले. खेळाडू म्हणून हा बदल त्यांना फळला नाही. पण बचावाची फळी कशी उभी राहते हे दुसऱ्याला समजावून सांगण्याची ताकद त्यांना याच वर्षांनी दिली, असे मला मनापासून वाटते.

मुख्य प्रशिक्षकपदाची त्यांनी घाईही केली नाही. इंग्लंडचे साहाय्यक असताना २०१५ चा विश्वचषक घरच्या मैदानांवर साखळीतच संपला आणि पद गेले. २०१६ मध्ये ते आयर्लंडचे बचाव प्रशिक्षक झाले, आणि त्याच नोव्हेंबरात शिकागोत आयर्लंडने न्यूझीलंडला प्रथमच हरवले, ४०-२९ असे. २०१९ च्या विश्वचषकानंतर संघ त्यांच्या हाती आला. २०२१ च्या सिक्स नेशन्स या सहा युरोपीय देशांच्या वार्षिक स्पर्धेतील पहिले दोन्ही सामने हरल्यावर टीका झाली, तरी चेंडू हातात ठेवून खेळण्याची पद्धत त्यांनी सोडली नाही. पुढच्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या ईडन पार्कवर ४२-१९ असा मार खाऊनही, ड्युनेडिन आणि वेलिंग्टन येथील सामने जिंकून त्यांच्या संघाने मालिका खिशात घातली. २०२३ चा ग्रँड स्लॅम, म्हणजे सिक्स नेशन्समधील सर्व सामने जिंकणे, आणि २०२५ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली लायन्सचा, म्हणजे ब्रिटन व आयर्लंडच्या संयुक्त संघाचा, ऑस्ट्रेलियातील २-१ असा मालिकाविजय त्यानंतरचे.