राऊटर टेबलावर आडव्या पट्टीची टोके कापण्यासाठी स्लेड घरीच कशी बनवावी?

कपाटाच्या दाराच्या आडव्या पट्ट्यांची टोके राऊटर टेबलावर (ज्याच्या खालून फिरते पाते वर येते असे लाकूड कोरण्याचे टेबल) कापताना पट्टी हिसकते आणि मागची कड फुटते, तर त्यासाठी स्लेड (लाकूड घट्ट धरून पात्याजवळून सरकवायची पाटी) स्वतः बनवता येईल का, असे आपण विचारले आहे. बनवता येईल, किंबहुना अरुंद पट्टीच्या टोकावर स्लेडशिवाय राऊटर चालवूच नये, असे माझे मत आहे.

दोन्ही तक्रारींचे मूळ आधाराच्या अभावात आहे. ५०-६० मिमी रुंदीच्या पट्टीचे टोक फेन्सला (टेबलावरच्या उभ्या आधार-फळीला) टेकवले, तर बिटसाठी (फिरत्या पात्यासाठी) ठेवलेल्या पोकळीत तिचा कोपरा शिरतो आणि बिट तिला खेचून घेते. शिवाय बिट लाकडाबाहेर पडते त्या कडेला तंतूंच्या रेषांना मागून टेकू नसल्यामुळे त्या चिरून निघतात. यावल भागातला सरळ रेषांचा साग एक वेळ निभावून नेतो. कडुलिंब मात्र मुळीच सोडत नाही.

तळासाठी ६ मिमी जाडीचे सपाट एमडीएफ किंवा ॲक्रिलिक घ्यावे. १२ मिमीचा प्लाय अधिक भक्कम वाटतो खरा, पण तळ जितका जाड तितकी बिटची उंची वाया जाते, आणि ती भरून काढण्यासाठी शँक (बिटचा दांडा) कोलेटमधून (तो पकडणाऱ्या चिमट्यातून) जास्त वर ओढण्याचा मोह होतो, जो धोकादायक आहे. तळावर उजव्या बाजूला, फेन्सलगतच्या कडेशी गुण्याने काटकोन जुळवून, सागाची जाड पट्टी खालून स्क्रूने बसवावी; बिटच्या मार्गात स्क्रू नसावेत. तिच्यावर दोन टॉगल क्लॅम्प (दांडी दाबताच लाकूड आवळून धरणारे चिमटे) आणि बिटपासून दूर एक मूठ बसवावी, म्हणजे बोटे लाकडावर ठेवावीच लागत नाहीत.

खरी करामत आहे ती या जाड पट्टीच्या आणि कामाच्या लाकडाच्या मध्ये ठेवायच्या टाकाऊ तुकड्याची. तो कामाच्या लाकडाइतकाच जाड असावा, आणि बिट किंवा तिची उंची बदलली की तोही बदलावा. आधी टोके कापावीत आणि मग लांब कडा, कारण कडेला खाच आधीच पडलेली असेल, तर टाकाऊ तुकडा तिथे नीट टेकत नाही.

टेबलाच्या खोबणीत सरकणारा लाकडी रनर मी लावत नाही. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा तो सैल पडतो आणि पावसाळ्यात फुगून अडकतो. स्लेड फेन्सला घासत सरकवणेच बरे. रनर हवाच असेल, तर तो ॲल्युमिनियमचा घ्यावा आणि फेन्स खोबणीला तंतोतंत समांतर ठेवावी.

बिटची उंची स्लेड टेबलावर ठेवूनच लावावी, त्याच जाडीच्या रद्दी लाकडावर चाचणी घ्यावी आणि स्लेड नेहमी उजवीकडून डावीकडे, बिटच्या फिरण्याच्या विरुद्ध, ढकलावी. काम चालू असताना वीज गेली, तर आधी राऊटरचा स्विच बंद करावा. अनेक राऊटर वीज येताच आपोआप फिरू लागतात.