अमेरिकेच्या मेडिकेअरला (तिथला सरकारी आरोग्य विमा) बिल करताना, बॉक्सवर ६ × ६ इंच लिहिलेल्या बॉर्डरवाल्या (चिकट कडेच्या) फोम ड्रेसिंगला ए६२१२ हा बिलिंग कोड लावायचा की ए६२१३?

आतलं पॅड ४ × ४ असेल तर ए६२१२.

तुम्ही ६ × ६ म्हणजे ३६ चौरस इंच धरून ए६२१३ लावला, ३० युनिट (म्हणजे ३० ड्रेसिंग) टाकली आणि ऑडिटमध्ये दोन्ही चुकलं, असं लिहिलंय. पुण्यात रात्रपाळीत अमेरिकेचं मेडिकेअर बिलिंग करताना पहिल्या महिन्यात मीही हेच केलं होतं. चिकटपट्टीची कड मोजायचीच नसते. मधला पांढरा चौकोन तेवढा मोजायचा. तो १६ चौरस इंच किंवा कमी असेल तर ए६२१२, १६ च्या वर पण ४८ पर्यंत ए६२१३, त्याहून मोठा असेल तर ए६२१४. बॉर्डरच नसेल तर ए६२०९, ए६२१०, ए६२११.

खरा घोळ सेंटिमीटरमध्ये होतो. १० × १० सेंमी पॅड म्हणजे साधारण १५.५ चौरस इंच, म्हणजे थोडक्यात ए६२१२ मध्ये बसलं. १२ × १२ घेतलं की २२ च्या वर, लगेच ए६२१३. मी आजही कॅल्क्युलेटर उघडूनच ठेवते.

आता ३० युनिट. फोमची नेहमीची मर्यादा एका जखमेला आठवड्यातून तीन वेळा. म्हणजे महिन्याला बारा-तेरा. रोज बदलायची मुभा अल्जिनेटला, म्हणजे समुद्री शेवाळापासून बनवलेल्या ड्रेसिंगला आहे (ए६१९६ ते ए६१९९ हे कोड), बहुतेक तिथूनच ३० चा आकडा तुमच्या डोक्यात आला असणार. जखमा दोन असतील तर कोडला ए२ मॉडिफायर (कोडमागे जोडायची दोन अक्षरांची खूण) लावा, एकच असेल तर ए१; नऊ किंवा जास्त असतील तर ए९. हे मॉडिफायर जखमांची संख्या सांगतात, ड्रेसिंगची नाही. यात नवीन मुलं हमखास गोंधळतात.

कोडच्या आधी नोट्स वाचा. जखम शस्त्रक्रियेची हवी किंवा तिचं डिब्रीडमेंट (मृत भाग काढून टाकणं) झालेलं हवं; शिवाय फोमसाठी ती खोल आणि बऱ्यापैकी पाझरणारी असावी लागते. नर्सने ‘ड्राय’ लिहिलं असेल तर कोड कितीही अचूक लावा, उपयोग नाही. जखमेचं मापही बघा: पॅड साधारण दोन इंच मोठं चालतं, म्हणजे २ × २ च्या जखमेला ४ × ४.

आणि पेशंट होम हेल्थवर (एजन्सीची नर्स घरी येऊन उपचार करते ती सेवा) आहे का, तेही तपासा. असेल तर ड्रेसिंगचे पैसे त्या एजन्सीच्या पेमेंटमध्येच येतात, तुमचा वेगळा क्लेम परतच येणार.